टोपीला लावलेला लाल टॅग

विजयश्री बोराटेला मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. चार वर्षं तिला पाहिलं, पण बहुतेक वेळ तिचं डोकं पाण्यात आणि मी काठावर. तिला भाऊ किती, हेही मला ठाऊक नाही. लिहायची मला सवय नाही. पण तिच्याबद्दल दुसरं कुणी लिहिताना दिसेना.

मी मोशीजवळच्या पोहण्याच्या तलावावर रखवालदार. मला स्वतःला पोहता येत नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. ती हसली नाही. पिशवीतून चिंचोक्यांचा डबा काढून म्हणाली, "काका, बसल्या बसल्या माझ्या फेऱ्या मोजाल? एका फेरीला एक चिंचोका बाजूला."

चाकण रस्त्यावरच्या एका कंपनीत ती तपासणीला होती. रंगवलेल्या भागात दोष दिसला की त्याला लाल टॅग बांधायचा, त्यावर दोष आणि आपलं नाव लिहायचं. टॅग लागलेला माल साहेबालाही पुढे सरकवता येत नाही. तिला धरमतरपासून मुंबईपर्यंत समुद्र पोहून जायचं होतं. त्याला सोबत बोट लागते, आणि ती काही तिच्या आवाक्यातली नव्हती.

मग कंपनीच पुढे आली. त्यांची समुद्र वाचवायची मोहीम होती. बोट कंपनीची, टोपी कंपनीच्या नावाची, फोटो विजयश्रीचा. टोपी देण्याचा कार्यक्रम आमच्याच तलावावर ठरला.

त्याच सुमारास मोशीच्या घाटावर नदीला फेस आला होता. ती नदीला मिळणाऱ्या ओढ्याच्या काठाने उलटी चालत गेली, ती थेट आपल्याच कंपनीच्या मागच्या भिंतीपाशी पोहोचली. पाणी निळसर होतं. त्या आठवड्यात लाइनवर कोणता रंग चालू आहे, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

कार्यक्रमाच्या दिवशी तिच्या कंपनीतल्या अनंतसाहेबांनी टोपी पुढे केली. तिने ती घेतली, खिशातून लाल टॅग काढून टोपीला बांधला आणि टोपी टेबलावर ठेवली. मी जवळच पाण्याचे ग्लास घेऊन उभा होतो, म्हणून वाचता आलं. 'दोष: कंपनीचं निळं पाणी नदीत. तपासणी: विजयश्री बोराटे.'

"अगं, हे काय? आपण ऑफिसात बोलू," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"ऑफिसात तीनदा बोलले सर. टॅग लागला की माल थांबतो, तुम्हीच शिकवलंय."

"बोट पाहिजे ना तुला?"

"पाहिजे की. पण ही टोपी घालून न्हाई."

बोट गेली. तिला तपासणीवरून काढून पॅकिंगला टाकलं. मलाही वरून, तलावाच्या ऑफिसातून, निरोप आला, त्या मुलीसाठी वेळेआधी तलाव उघडायचा नाही. जन्मात मी कुणाला उलट बोललो नाही. तेव्हाही बोललो नाही. पण चावी माझ्याकडे होती, आणि पहाटे साडेपाचला तिच्यासाठी दार उघडत राहिलं.

वर्षभराने पॅकिंगमधल्या मंजुळाबाईंनी आपल्या भावाची मासेमारीची बोट मिळवून दिली. त्यांचं माहेर अलिबागकडचं. विजयश्री साध्या पांढऱ्या टोपीत पोहली, दहा तासांत पार झाली. पेपरात काही आलं नाही. पुढे नोकरी सोडून ती तिकडेच राहिली, कोळ्यांच्या पोरांना पोहायला शिकवते म्हणे. ओढा अजून निळा होतो अधूनमधून. पण त्या कंपनीच्या टोपीतला तिचा फोटो मात्र कुठेच नाही.

समुद्राला जाण्याआधी ती तलावावर आली, ती शेवटचीच, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

"किती झाल्या काका?"

"एकशे बारा."

"तेरा. एक चिंचोका हातात राहिला असंल तुमच्या."

मी मूठ उघडली. होता.

"येते मग," ती केस पिळत म्हणाली.

"ये. साडेपाचला दार उघडं असेल."