गवत हसलं की उडवी

पार्वतीकाकी गवताची पेंढी कानाशी धरून पिळायच्या. लाटंबार्से गावात भात झोडून झालं, की मागे राहिलेल्या गवताची त्या अशी परीक्षा घेत. कुरकुर ऐकू आली तर म्हणायच्या, "हसता." नाही आली, तर "रडता गो आजून." रडणारं गवत त्या उडवीत रचू देत नसत. खांबाभोवती रचलेल्या त्या ढिगात ओल राहिली, की आतून तापून सगळं कुजतं आणि गाईला वर्षभर घालायला काही उरत नाही.

मी त्यांची शेजारीण. माझी कामं सकाळी कागदावर लिहिलेली असतात. त्याची त्यांना फार गंमत वाटे. "पावस कदी येतलो, ता लिवलंस मां गो?"

एका दिवाळीत तो न लिहिता आला. सगळं गवत भिजलं, खळं चिखलाचं झालं. पणजीला नोकरी करणारा त्यांचा दत्ता म्हणाला, "आये, औंदा गवत गेला. गाय विकून टाकूया."

"गाय खंय वचना," काकी म्हणाल्या. गाय कुठेही जाणार नव्हती.

पाऊस उघडल्यावर सकाळीच त्या माझ्या दारात. "सुलभा, कापडां काड. दोरी होयी."

"काकी, चादरी ओल्या आहेत माझ्या!"

"चादरी गाय खाता?"

चादरी निघाल्या. दुपारपर्यंत वाडीतल्या सगळ्या दोऱ्या, कुंपणं, फाटकं गवताने लगडली. जमीन ओली होती, पण वारा कोरडा होता. काकींनी गवत वाऱ्याच्या हवाली केलं. रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधून कंडक्टर ओरडला, "काकी, लगीन कोणाचा?"

"गाईचा! जेवूक ये, गवत आसा!"

रविवारी दत्ता आला. काकींनी एक पेंढी त्याच्या कानाशी पिळली. गवत हसत होतं. मग तो चपला काढून उडवी तुडवायला वर चढला. गाय विकायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

काकी आता नाहीत. गाय आहे, तिची पाडीही आहे. दत्ता आता गावातूनच रोज पणजीला जातो-येतो. यंदाही कापणीनंतर एक सर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी तो आमच्या फाटकाशी उभा, हातात पेंढी.

"वयनी, रडता आजून. दोरी..."

मी चादरी काढायला घेतल्याच होत्या.