डी ड्राइव्हमधले बसस्टॉप

माझा लॅपटॉप नऊ वर्षांचा. घरी बसून पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासायचं माझं काम त्याच्यावरच चालतं. गेल्या वर्षी तो सांगायला लागला, की विंडोजची नवी आवृत्ती आपल्याला झेपणार नाही आणि जुनीचे अपडेट बंद होणार. मी तो बुधवार पेठेतल्या एका दुकानात नेला. दुकानदाराने झाकण उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "मॅडम, किती वर्षं वापरणार? नवा घ्या."

कोथरूडला परत आले तर लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. वय बहात्तर. खडकीला सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात. सोसायटीत त्यांचा दरारा आहे. पार्किंगमध्ये त्या नुसत्या येऊन उभ्या राहिल्या तरी लोक आपापली गाडी हलवतात. माझ्याशी तोवर पाण्याच्या टाकीच्या विषयापलीकडे कधी बोलणं झालं नव्हतं. पिशवी बघून त्यांनी विचारलं, "बिघडलाय, का नुसता म्हातारा झालाय?"

"म्हातारा झालाय."

"मग टाकायचा कशाला? विंडोज काढून लिनक्स घाला, फुकट मिळतं आणि जुन्या मशीनला झेपतं. माझा अकरा वर्षांचा आहे, पळतोय. उद्या सकाळी दहाला या. सव्वादहाला नको."

दुसऱ्या दिवशी मी दहाला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजवली. काकूंनी एक पेनड्राइव्ह लावला आणि आधी त्याच्यावरूनच लिनक्स चालवून दाखवलं, लॅपटॉपमधलं काहीही न पुसता. वायफाय लागलं, आवाज आला, मराठी टाइप झालं. माझा जीव भांड्यात पडला. आता जुनं सगळं पुसून नवं बसवायचं होतं.

"बॅकअप घेतलाय?"

"हो, वेगळ्या हार्ड डिस्कवर."

"दाखवा."

मला जरा रागच आला. पन्नाशीच्या बाईला शाळेतल्यासारखं काय विचारायचं? पण हार्ड डिस्क जोडली. काकू एकेक फोल्डर उघडायला लावत होत्या. "हे डॉक्युमेंट्स झालं. फोटो झाले. लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमधलं कुठंय?"

"त्यात काही नाही हो."

"उघडा. नाही तर नाही."

डी ड्राइव्हमध्ये 'न्यू फोल्डर' नावाचा एकच फोल्डर होता आणि त्यात एकेचाळीस रेकॉर्डिंग. त्यांच्या तारखा मी पुन्हा एकदा वाचल्या.

सात वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. बाबा जन्मभर पुण्यात स्वारगेट-कोथरूड बसवर कंडक्टर होते. वाचा उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, की जे शब्द तोंडात बसलेले आहेत तिथून सुरुवात करा. देवांची नावं झाली, आमची नावं झाली, काही जमेना. एका दुपारी मी सहज म्हटलं, "बाबा, स्वारगेट." त्यांनी डोळे उघडले आणि ओठ हलवत, अडखळत म्हणाले, "टिलक रोड." पुढे बऱ्याच वेळाने, "डेक्कन." त्या दिवसापासून आम्ही रोज स्वारगेटहून निघायचो. 'ळ' काही केल्या येत नव्हता. नळ स्टॉपचं 'नल स्टॉप' व्हायचं आणि ते स्वतःवरच चिडायचे. मी हे सगळं फोनवर रेकॉर्ड करत गेले. फोन भरला तेव्हा लॅपटॉपमध्ये टाकलं. पुढे बाबा गेले, आणि हे कुठे ठेवलंय तेच मी विसरले. फोनबरोबर गेलं असेल असं धरून चालले होते.

मी काकूंना म्हटलं, "बाबांचा आवाज आहे."

त्यांनी लगेच हार्ड डिस्कवर एक कॉपी घेतली, मग उठून कपाटातून स्वतःचा पेनड्राइव्ह आणला आणि त्याच्यावर दुसरी. दोन्हीकडच्या फायली मोजल्या. एकेचाळीस. मगच म्हणाल्या, "आता दाबा बटण."

अर्ध्या तासात लिनक्स बसलं. पहिली फाइल मी बाबांच्या रेकॉर्डिंगमधलीच लावली, त्यांच्या शेवटच्या महिन्यातली. बाबा म्हणत होते, "स्वारगेट, टिळक रोड, डेक्कन, नळ स्टॉप." मग थांबून, अगदी सावकाश, "नळ. नळ." आणि त्यांचं हसणं.

"पुन्हा लाव," काकू म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच मला अगं-तुगं करत होत्या. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्या चहा टाकायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. प्रिंटरने दोन दिवस छळलं, एका प्रकाशकाच्या जुन्या फॉन्टमधली प्रुफं चौकोनांच्या रांगा होऊन उघडली. दोन्ही वेळा काकू चष्मा पुसत खाली आल्या आणि ते सोडवूनच वर गेल्या. पूर्वी लॅपटॉप सुरू होईपर्यंत पोळी भाजून व्हायची, आता तवा तापेपर्यंतच तो सुरू होतो.

सगळी रेकॉर्डिंग मी नागपूरच्या भावाला पाठवली. सगळी ऐकून त्याने फोन केला. म्हणाला, "त्या काकूंना माझा नमस्कार सांग."

मी वर जाऊन सांगितला. आभार मानायला लागले तर त्यांनी हात उडवला. "आभार राहू दे. लॅपटॉपचा पासवर्ड कुठे लिहून ठेवलायस का?"

ठेवला नव्हता. त्यांनी कागद पुढे केला आणि मी तिथेच दारात उभी राहून तो लिहिला.