प्रॉबर्ट सेन्सेईंचा निरोपसमारंभ

आयवर प्रॉबर्टने ‘इसोया’ या छोट्याशा खाणावळीचं सरकतं दार पहिल्यांदा उघडलं, तेव्हा आत जे झालं त्याला भूकंपाखेरीज दुसरी उपमा नाही, आणि भूकंपाची तिथल्या लोकांना निदान सवय तरी होती. मालकीण हात्सुएबाईंच्या हातातला डाव हवेतच थांबला. टीव्हीवरचा सुमो पैलवान पडता पडता थबकला, असं सांगणारे लोक आजही आहेत. टोफूवाले कुमागाई शाळेत सहा वर्षं इंग्रजी शिकले होते. आता ते बोलावं लागणार या धास्तीने त्यांनी जे संडासात ठाण मांडलं, ते उठायचं नावच घेईनात. मधल्या काळात त्यांची बायको त्यांना शोधत आली आणि निराश होऊन परत गेली म्हणतात.

दारातल्या साडेसहा फुटी वेल्श माणसाने छताच्या कंदिलावर डोकं आपटलं, दोनदा माफी मागितली, एकदा बाईंची आणि एकदा कंदिलाची, आणि अस्खलित जपानीत म्हणाला, “एकटाच आहे. चालेल का?”

“अरे, हा तर आपल्यासारखाच बोलतोय,” कोणीतरी कुजबुजलं.

“मग कुमागाईला सांगा, बाहेर ये म्हणावं.”

“सांगितलं. तो म्हणतो, आधी खात्री करा.”

जपानमधल्या तोत्तोरीच्या किनाऱ्यावरच्या त्या लहानशा गावात प्रॉबर्ट शाळेत इंग्रजी शिकवायला आला होता, म्हणून सगळे त्याला ‘सेन्सेई’, म्हणजे मास्तर, म्हणत. गावाला त्याच्याबद्दल सगळं ठाऊक असे. सकाळी वर्गात शिरलं की पहिल्या बाकावरची मुलगी काळजीने विचारायची, “सेन्सेई, काल पुन्हा करी-भात? परवाही तोच होता. थोडी भाजी खात जा.” त्याने काय खाल्लं हे सगळ्या गावाला माहीत असायचं. कोणाबरोबर खाल्लं, हे सांगण्यासारखं कधी काही नसायचं.

हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात दारातली मुलगी “किती जण?” असं विचारायची. तो एक बोट वर करायचा. ती त्याच्या पाठीमागे डोकावून खात्री करून घ्यायची, मग आतल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात “एक जण” असं पुकारायची आणि त्याला चौघांच्या टेबलाशी नेऊन बसवायची. समोरच्या रिकाम्या जागांकडे बघत तो जेवण उरकायचा. घरी बहिणीला फोन करावा, तर आपल्याकडे रात्र म्हणजे तिच्याकडे ऑफिसची ऐन गर्दी. “आयव, संध्याकाळी करते हं,” ती म्हणायची. तिची संध्याकाळ होईपर्यंत इकडे पहाट होई.

म्हणून तो ‘इसोया’त जात राहिला. पहिलं वर्षभर त्याला दाराजवळची जागा मिळाली. दार उघडलं की समुद्रावरचा वारा आधी त्याला विचारून मगच आत जायचा. न मागता काटाचमचा समोर यायचा. तो चॉपस्टिक्सनी माशाचा काटान्काटा वेगळा काढून दाखवायचा आणि बाई कौतुकाने मान डोलवत काटाचमचा परत त्याच्याकडे सरकवायच्या. ओट्यापाशी आठच जागा होत्या. कुठली कोणाची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याने रताळ्याच्या दारूची आख्खी बाटली विकत घेतली. हात्सुएबाईंनी तिच्या गळ्यात त्याच्या नावाची चिठ्ठी अडकवली आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या बाटल्यांशेजारी ती फळीवर ठेवली. त्याला बसता यावं म्हणून कुमागाई ओट्यापाशी एक जागा पुढे सरकले. काटाचमचा आलाच नाही. त्या रात्री प्रॉबर्ट वेल्श गाणी म्हणत सायकलवरून घरी गेला आणि वाटेतल्या कुत्र्यांनी त्याला साथ दिली.

“सेन्सेई, तुमच्या गावी टोफू मिळतो का हो?” कुमागाई विचारायचे.

“मिळतो, पण खाण्याजोगा नसतो.”

“मग मिळत नाही असं म्हणावं माणसाने. बाई, यांना अजून एक मुळ्याचा तुकडा द्या, माझ्या नावावर.”

“तुमच्या नावावर काही उरलंय का?” बाई म्हणायच्या आणि दोन तुकडे वाढायच्या.

एवढंच बोलणं व्हायचं. पण दिवसभरात प्रॉबर्टशी व्याकरण सोडून कोणी बोललं असेल, तर ते एवढंच.

तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला विचारलं आणि त्याने पुढच्या वर्षाचा करार केला. जमेल तितकी वर्षं इथेच राहायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. त्या आनंदात त्याने जिच्यावर पाय कधीच मावले नाहीत ती जुनी गादी आणि चालवताना गुडघे हनुवटीला लागायचे ती सायकल जुनं मोठं सामान नेणाऱ्या कचरागाडीच्या दिवशी रस्त्यावर नेऊन ठेवली. त्याच्या मापाचा नवा पलंग पुढच्या आठवड्यात यायचा होता.

गावाने गादी पाहिली. गावाने सायकल पाहिली. मार्च हा बदल्यांचा महिना, आणि याआधीचे सगळे इंग्रजीचे मास्तर तीन वर्षं भरली की गेले होते. यावर कोणी काही विचारायची गरजच उरली नाही. जाणाऱ्या माणसाला “जाताय का?” असं विचारणं तिथे बरं दिसत नाही.

शनिवारी त्याने ‘इसोया’चं दार सरकवलं तर सगळे उभे. भिंतीवर फुलं, ओट्यावर भलीमोठी मासळी, आणि सगळ्यांनी निरोपाच्या चार चार ओळी लिहिलेला पुठ्ठा.

“पण मी तर...” प्रॉबर्ट म्हणाला.

“बोलू नका, सेन्सेई,” कुमागाई म्हणाले. त्यांचे डोळे आधीच भरले होते. “आम्हाला सगळं कळलंय.”

“नाही, कुमागाई-सान, ऐका तरी. मला सांगायचंय की...”

“सांगायचं काय त्यात. आम्हालाही तेच वाटतंय.”

हात्सुएबाईंनी जन्मातलं पहिलं भाषण केलं. दोन दिवस पाठ केलेलं होतं. पुढ्यात वाकलेल्या त्या म्हाताऱ्या बाईला “तुमचं चुकलंय” असं कसं सांगायचं, हे त्याला तीन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. तो उठला आणि गाव सोडून जाणाऱ्या माणसाने करावं तसं सुरेख भाषण करून बसला. रीत अशी की निघणाऱ्याची बाटली सगळ्यांनी मिळून संपवायची. ती संपवली. बाईंनी चिठ्ठी सोडवून त्याच्या हातात दिली.

आठवड्याने बाजारात कुमागाई समोर आले आणि जागीच थिजले.

“काही विसरलं होतं का, सेन्सेई?”

“हो... थोडं काम राहिलंय.”

“असं का. बरं, बरं. सांभाळून जा हं.” आणि ते खोल वाकले, पुन्हा एकदा निरोपाचं वाकले.

त्यांची नात त्याच्याच वर्गात होती. म्हणजे खरं काय ते संध्याकाळपर्यंत ‘इसोया’त पोचलं असणार. तो वाट बघत राहिला, की आता कोणीतरी हसून हाक मारेल. पण हसायचं तर बाईंच्या भाषणावर हसावं लागलं असतं, कुमागाईंच्या रडण्यावर हसावं लागलं असतं. त्यापेक्षा प्रॉबर्ट सेन्सेई गेले, हेच सगळ्यांना सोयीचं होतं. रस्त्यात भेटले की लोक अदबीने दुसरीकडे बघत, मास्तरांनी आपल्याला पाहिलं तर त्यांना संकोच वाटेल म्हणून. मे महिन्यात एकदा तो दारापर्यंत गेला. आतून कुमागाईंचा आवाज येत होता. त्याने कडीला हात लावला. आपण आत गेलो की आवाज थांबेल, हे लक्षात आल्यावर त्याने तो काढून घेतला.

पुढे तो त्या गावात अकरा वर्षं राहिला. रात्रीचं जेवण तो सुपरमार्केटमधून आणायचा. तिथे आठनंतर डबे निम्म्या किमतीत मिळतात.