स्पीकर आत जातो, पण वाजत नाही

अंधेरीतल्या त्या गॅरेजचं प्रकरण काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. अमली पदार्थांविरुद्धचा कायदा तेव्हा नवा होता आणि उपनगरांतली पोरं गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, नादी लागत होती.

गॅरेजमध्ये चार पोरांचा रॉक बँड होता. लांब केस, इंग्रजी गाणी, कानठळ्या बसवणारे ड्रम. पवईच्या कॉलेज फेस्टिव्हलला त्यांनी बक्षीस मारलं होतं, जुहूच्या हॉटेलातही वाजवायचे. शेजारच्या चाळीतल्या मालवणी काकू त्या आवाजाची तक्रार घेऊन सारख्या आमच्या पोलीस ठाण्यात यायच्या. त्या दिसल्या की ठाणे अंमलदार कपाळाला हात लावायचा.

एकदा काकू थेट माझ्यासमोर आल्या नि म्हणाल्या, "सायबानू, आता आवाज येणा नाय."

"मग बरंच झालं की!"

"बरा खंयचा? स्पीकर भाड्यान येता, भितुर जाता, दुसऱ्या दिसा परत जाता. वाजणा मात्र नाय. मगे आणतत कित्याक?"

मी खुर्चीत सावरून बसलो. साध्या वेशातले हवालदार नेमले आणि पुढचा स्पीकर आत जाताच पंचांना घेऊन छापा घातला. जळलेली पन्नी, काड्या, चिमूटभर पावडर मिळाली. स्पीकर वरवर पाहिला, काही नव्हतं. तरी जप्त केला. स्पीकरवाला साळसूदपणे म्हणाला, "मी फक्त भाड्याने देतो, साहेब."

गिटारवाल्या पोराची अवस्था बघवत नव्हती. त्याला इस्पितळात हलवलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, माल मिळत राहिला तर हा पोरगा जगणार नाही. म्हणजे देणारा हात सापडायलाच हवा होता.

गर्दुल्ल्याला बदडून काही मिळत नाही, सुटण्यासाठी तो कुणाचंही नाव घेतो. चौघांत ड्रमर तेवढा शुद्धीत होता. त्याला समोर बसवलं.

"दोस्ताविरुद्ध नाही बोलणार साहेब. त्याची वाट लागेल."

"अरे गाढवा, लागायची काय राहिलीय? चल, बघ डोळ्यांनी!"

इस्पितळात गिटारवाल्याला पाण्याचा पेलासुद्धा धरता येत नव्हता. तो ड्रमरला म्हणाला, "तू बोललास ना, तर परत तुझं तोंड बघणार नाही."

बाहेर येऊन ड्रमर भिंतीला टेकून हमसून रडला. मग म्हणाला, "लिहून घ्या साहेब. पुड्या स्पीकरच्या मागच्या फळीआड येतात. तो स्पीकरवालाच देतो. मी कोर्टात साक्ष देईन."

पंचांसमक्ष फळी उघडली. पुड्या होत्या. स्पीकरवाल्याला शिक्षा झाली, गिटारवाल्याला कोर्टाने उपचारांच्या अटीवर सोडलं. बँड मात्र संपला. गिटारवाल्याने आपला शब्द खरा केला, कित्येक वर्षं ड्रमरशी बोलला नाही.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. तपास आम्ही केला असं फायलीत लिहिलेलं असतं, पण तो तडीला नेतात ती नाव नसलेली माणसं. काकूंचे आणि त्या ड्रमरचे उपकार मी जन्मभर मानतो.

माझ्या निवृत्तीनंतर गिटारवाला बोरीवलीला माझ्या घरी आला. मुलीचं लग्न ठरलं होतं.

"साहेब, तुमच्यामुळे हा दिवस बघतोय."

"माझ्यामुळे नाही रे बाबा. ड्रमरला दिलीस का पत्रिका?"

तो हसला. "त्याला कसली पत्रिका? माझ्या बायकोला भाऊ नाही. मुलीचा मामा म्हणून बोहल्यावर तोच तिला घेऊन येणार."

लग्नाच्या दिवशी मी वऱ्हाडाच्याही आधी जाऊन पुढच्या खुर्चीत बसलो.