मामांच्या सिनेमातला मरायचा सीन

माझ्या बायकोच्या मामांइतका कडक दिग्दर्शक जगात दुसरा नसेल, आणि इतका हळवाही. पायदळात उमेदीची सगळी वर्षं काढून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, मसोलीला घर बांधलं आणि एके दिवशी जेवता जेवता जाहीर केलं, "आमच्या लढाईवर पिक्चर काढणार. मीच!" कॅमेरा म्हणजे माझ्या बायकोचा मोबाइल. रणांगण झरीच्या टेकडीवर, आणि फौज म्हणजे भातकापणी उरकून मोकळे झालेले तिथले शेतकरी. मला शत्रू केलं, कारण मी दाढी वेळेवर करत नाही.

सगळं खऱ्यासारखं हवं, हा मामांचा हट्ट. चहाच्या आधी हजेरी, पाठीवरच्या पिशव्यांत खरे दगड. "ओझं नसलं की चाल खोटी पडते!" चौकी झाकायला त्यांनी मसोलीच्या किनाऱ्यावरच्या शेजाऱ्यांकडून मासेमारीची जुनी जाळी आणली, वर पाला खोचला. जाळी धुवायची मात्र राहिली. अर्ध्या तासात तालुक्यातले सगळे कावळे आमच्या गुप्त चौकीवर घिरट्या घालू लागले. "एव्हाना शत्रूने तोफ डागली असती!" मामा कडाडले. शत्रू तेव्हा चौकीतच बसून त्यांच्या जवानांबरोबर नागलीची भाकरी खात होता.

एक सीन मात्र मामा सारखा पुढे ढकलत. त्यांचा जिवलग दोस्त खऱ्या लढाईत त्यांच्या शेजारीच पडला होता, त्याच्या मरणाचा. त्या सीनवाचून पिक्चर पुरा होणार नव्हता, पण कधी ऊन जास्त, कधी बुटाची नाडी चुकीची. खरं म्हणजे त्यांचा धीर होत नव्हता.

शेवटच्या दिवशी घेतला एकदाचा. दोस्ताचं काम करणारा झरीचा शेतकरी झकास पडला. मोबाइल चालूच, पण मामा काही 'कट' म्हणेनात. शेवटी तो शेतकरीच डोळे मिटून पुटपुटला, "मामा, मुंग्या चावतात. उठू का आता?"

मामा धावले आणि त्याला दोन्ही हातांनी धरून उठवू लागले. "ऊठ रे बाबा, ऊठ! किती वर्षं पडून राहशील?"

मसोलीत पिक्चर दाखवला तेव्हा कुणीतरी विचारलंच, मेलेला माणूस उठतो कसा? मामा म्हणाले, "तेवढं राहू दे." दगडसुद्धा खरे लागणाऱ्या त्या माणसाने एवढं एकच खोटं ठेवलं. मला त्यांची फार माया वाटली.