योग्य वेळी कळवू

पेणच्या रामवाडीतल्या गोविंदाला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: ‘बघू.’ भात वाढू का? बघू. लग्नाला येणार का? बघू. उभी हयात रोह्याच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर गेली, आणि बॉयलरच्या त्या आवाजात कोण कशाला बोलतोय! निवृत्त होऊन तो घरी बसला, पण सवय काही सुटली नाही.

त्याची लेक वैशाली जवळच्या जोहे गावात दुसऱ्यांच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. तिला आता स्वतःचा कारखाना काढायचा होता. जागाही मिळत होती, फक्त पाडव्याच्या आत मालकाला शब्द द्यायला हवा होता. "बाबा, तुमचे कंपनीचे शेअर विकून मला हात द्याल का?" असं तिने विचारलं. अहो, ते शेअर गोविंदाने तिच्यासाठीच तर राखले होते! पण तोंडातून निघालं काय? ‘बघू.’

तेवढ्यात रोह्यात कंपनीची चिमणी थंड पडली. का, ते कोणी सांगेना. भागधारकांची सभा ऑनलाइन होती, तर हा पठ्ठ्या इस्त्रीचा शर्ट घालून मोबाईलसमोर बसला. कुणीतरी थेट विचारलं, कारखाना बंद का? अध्यक्ष गोड हसले आणि म्हणाले, "योग्य वेळी कळवू." झालं! ‘कंपनी बुडाली’, ‘मालक पळाला’, अशा वाट्टेल त्या अफवा उठल्या. लोक धडाधड शेअर विकत सुटले आणि भाव गडगडला.

गोविंदाने न राहवून रोह्याच्या जुन्या सोबत्याला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, जुना बॉयलर काढून नवा बसवतायत. आधीपेक्षा मोठा!"

गोविंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. "मेल्यांनो, चांगली गोष्ट सांगायला काय जीभ झिजते? माणूस गप्प बसला तर लोक वाईटच धरनार ना!"

त्याची बायको हौसा मासळी साफ करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "व्हय तर. वैशूनं पन तसंच धरलंय."

"काय धरलंय?"

"बाबाच्या मनात नाय, असं. आज त्या जागेच्या मालकाला नको म्हनून सांगनार हाय."

गोविंदा तडक उठला, वाटेत एक नारळ घेतला आणि जोह्याची एसटी पकडली.

वैशाली रंगाचे हात पुसून मालकाला फोन लावायच्याच बेतात होती.

"ठेव तो फोन," गोविंदा धापा टाकत म्हणाला. "शेअर तुझंच हायत गो. पयल्यापासून. भाव पडला तो कंपनीच्या तोंडाला कुलूप म्हनून, आनि तुझा जीव पोळला तो माझ्या तोंडाला म्हनून." त्याने नारळ पुढे केला. "घेशील ना जागा?"

वैशालीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ते तसंच ठेवून ती शांतपणे म्हणाली, "बघू."

एवढ्याशा शब्दाने जीव कसा टांगणीला लागतो, ते गोविंदाला उभ्या जन्मात आज पहिल्यांदा कळत होतं. तो लेकीच्या तोंडाकडे नुसता बघत राहिला.

मग ती खुदकन हसली आणि तिने नारळ घेतला.