कोरडं फडकं

माझ्या डाव्या कुशीवर पाठीपासून पोटापर्यंत एक व्रण आहे. पाणवठ्यावर बायका तो चोरून बघायच्या, म्हणून मी मुद्दाम पदर वर खोचायचे. बघायचं तर नीट बघा. तिथून माझं एक मूत्रपिंड काढलंय, कॅन्सर झालेलं. तेव्हा माझ्याकडे बघून हळहळणाऱ्या कितीतरी जणींना पोचवून मी अजून इथेच आहे.

तेव्हा मी पंचविशीत असेन. कुडपणच्या पठारावर सासर, नवरा मुंबईला गिरणीत, घरी मी आणि सासू. सासू वाईट नव्हती, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही तिला लगेच शिव्या घालायला लागाल. पोटभर खायला घालायची, हात कधी उगारला नाही. पण विटाळाच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. बाईला पाळी आली की चार दिवस पडवीत. घोंगडी वेगळी, ताट वेगळं, कुणी शिवायचं नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की मग घरात. शेतात राबायला विटाळ आड येत नसे, चुलीपाशी जायला तेवढा यायचा. सगळ्याच घरांत तसं होतं, मीही कधी कुरकुर केली नव्हती.

त्या आषाढात पाळी संपून मी न्हाऊन आत आले आणि आठवडाही झाला नसेल, तर पुन्हा रक्त दिसलं. दुखत काहीच नव्हतं. न्हाणीच्या दगडावर लाल पाणी बघून सासूने घोंगडी पुन्हा पडवीत टाकली. दोन दिवसांनी थांबलं, न्हाले, आत आले. पुन्हा आलं. असं करता करता श्रावण सरला आणि माझा मुक्काम पडवीतच. अंगातला जोर जात चालला. जेवणाचं ताट लांबून सरकवलं जायचं, त्यामुळे मी किती वाळले ते कुणी जवळून बघितलंच नाही.

पण माझं अंग मला कळत होतं. घेतलेलं फडकं दिवसभर कोरडं राहायचं आणि लघवीला बसले की लाल. मी सासूला सांगितलं, हे पाळीचं नाही. ती म्हणाली, बाईच्या रक्ताला काय दोन वाटा असतात? पुन्हा सांगितलं तर कानांवर हात ठेवले. माझं मलाच कधीकधी वाटायचं की असेल बाई, ती चार पावसाळे जास्त बघितलेली आहे.

गणपतीला मालक मुंबईहून आले. घरात गौर आली, हळदकुंकवाची पावलं उमटली, आणि घरची सून मी, ती पडवीतून बघत बसले. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. मालकांनी लांबूनच कशी आहेस विचारलं. मी सगळं सांगितलं. ते पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, असलं पुरुषाला सांगतात का, आईशी बोल.

तिथे माझं डोकं फिरलं. त्यांनीच मागे आणलेला पांढरा इनॅमलचा मग माझ्यापाशी होता. मागल्या दारी गेले, त्यात लघवी केली आणि भर दुपारी एका हातात मग, एका हातात फडकं घेऊन सरळ ओटीवर आले. मायलेक बसले होते. दोन्ही त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

“ह्यो मग बघा, आनि ह्यं फडकं बघा. फडकं कोरडं हाय. मी बाहेरची नाय, मी आजारी हाय.”

मगात तांबड्या मातीचं पाणी असावं तसं होतं आणि तळाशी गाठी. मालकांचा चेहरा उतरला. सासूने तोंड भिंतीकडे फिरवलं, घरात गौर आहे आणि ही काय आणून ठेवते म्हणाली. मालक चाचरत म्हणाले, गौरी गेल्या की डॉक्टरकडे जाऊ.

“गौर जायच्या आदी मीच जाईन,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. निदान न्हाऊन तरी जा, असं सासू दारातून म्हणत होती. मी नाही न्हाले. पोलादपूरपर्यंत उतरून, तिथून एसटीने महाड. वाटेत दोनदा बसले, पण परतायचं नाव काढलं नाही. महाडच्या डॉक्टरांनी कूस चाचपली आणि त्यांचा हात एका जागी थांबला. इतके दिवस काय करत होता, त्यांनी मालकांना विचारलं.

“मी पडवीत होते,” मी सांगितलं.

घरी न जाता मुंबई गाठा, एवढंच ते म्हणाले.

मुंबईच्या इस्पितळात हाताच्या शिरेतून औषध सोडून पोटाचे फोटो काढले. मोठे डॉक्टर मालकांना बाजूला घ्यायला लागले. मी म्हटलं, दुखणं माझं आहे, मला सांगा. ते थबकले, मग खाटेवर बसून त्यांनी सांगितलं: डाव्या मूत्रपिंडात गाठ आहे, वाईट आहे, सगळंच काढावं लागेल. उजवं चांगलं आहे, माणूस एकावर जगतो. चाळीतल्या लोकांनी मालकांचे कान भरले होते, अर्धी बाई घरी नेऊन काय करणार म्हणून. ते म्हणाले, आईला विचारून येतो. आईला कशाला, आईचं काढायचंय का? मीच डॉक्टरांना काढा म्हणून सांगितलं. भीती वाटत नव्हती असं नाही. टेबलावर नेलं तेव्हा दात वाजत होते.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, रोज लघवीचा रंग बघ. एकदा जरी लाल दिसली तरी धावत ये.

भातकापणी आटोपली तेव्हा मी परतले. सासूने पेज भरवली, हंडा उचलू दिला नाही. त्या दुपारचं ती एक अक्षर बोलली नाही आणि मीही विसरले नाही. मग एक दिवस पाळी आली. खरीखुरी, फडकं भिजलेलं. सासूने मुकाट्याने पडवीत घोंगडी टाकली, शेजारी ते ताट ठेवलं. मी ताट उचललं, घासलं आणि घरातल्या ताटांत नेऊन ठेवलं.

“आत्याबाय, बाहेर बसवलं का कुनी बघत नाय. माझा जीव जात होता, तुमी बघितलं नाय. मी आतच बसनार.”

माहेरी जा म्हणाली असती तर गेले असते, पण पडवीत नाही.

सकाळी लघवीचा रंग बघायला तो पांढरा मग भरून मागल्या दाराने आले तर ती उंबऱ्यात उभी. वाटलं, अडवते. तिने माझ्या हातातून मग घेतला, अंगणात उन्हाला धरला आणि डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं. कडेला लालसर होतं. माझ्याकडे बघून म्हणाली, “आनि फडकं?”

“भिजलंय.”

“मग ते पाळीचंच हाय गो,” म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसून रडायला लागली. मी नाही रडले. मी आत गेले आणि चूल पेटवली.